उघड म्हणायची वेळ

शनिवारी दुपारी लाइट गेली की आमच्या कारखान्यात सगळ्यात आधी कबुतरं ऐकू येतात. पत्र्याखाली ती दिवसभर घुमतच असतात, पण माग चालू असले की शेजारणीशी बोलायलासुद्धा तिच्या कानाला तोंड लावावं लागतं, तिथं कबुतरांचं कोण ऐकणार. माग थांबले की कान एकदम रिकामे होतात. मग मावशी कापड तपासायच्या टेबलावरून उठायची, साडीला चिकटलेली रुई झटकायची आणि म्हणायची, "चला वं मायांनो, खोटं बोलायची वेळ झाली."

इथं बुऱ्हाणपुरात शनिवारी आमच्या भागाची लाइन दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. कधी तासभर, कधी दोन तास. बाप्ये बाहेर टपरीवर जातात, आम्ही बायका दाराशी पोतं अंथरून पत्ते खेळतो. खेळ सोपा आहे. सगळे पत्ते वाटून टाकायचे. आपल्या पाळीला एक, दोन, तीन, हवे तितके पत्ते पालथे टाकायचे आणि सांगायचं, "दोन राजे." पुढचीनंही राजेच टाकायचे, नाहीतर पास म्हणायचं. आता ते खरोखर राजे आहेत की राजाच्या नावावर दुर्री-तिर्री दडपली आहे, हे टाकणारीलाच ठाऊक. संशय आला तर "उघड" म्हणायचं. खोटं निघालं तर टाकणारीनं मधली सगळी गड्डी उचलायची. खरं निघालं तर संशय घेणारीनं. जिचा हात आधी रिकामा होईल ती सुटली. शेवटी जिच्या हातात पत्ते उरतील तिनं केटली घेऊन कोपऱ्यावरून सगळ्यांना चहा आणायचा.

आधी इथं सगळ्या "खोल" म्हणायच्या. मी आले आणि आमच्याकडचं "उघड" म्हणायला लागले. मावशीला तो शब्द आवडला. मग तोच चालू झाला.

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलते, पण लगेच कळतं. पहिल्याच महिन्यात मावशीनं माझी खोड पकडली. "ऐकून घ्या गं सगळ्या. ही 'दोन राण्या' म्हणते तेव्हा दोन राण्या असतात. 'खरंच दोन राण्या' म्हणते तेव्हा एकबी नसते."

कांडी मशीनवर सूत भरणारी आपा हसून हसून भिंतीला टेकली. "इसके मियाँ की तो मौज है. इसका झूठ घंटी बजाके आता है."

खोड कळली तरी जाईना. गळ्यापर्यंत आलेलं "खरंच" मी गिळायला जायचे आणि तेवढ्यात ते बाहेर पडलेलं असायचं. बहुतेक शनिवारी चहा मीच आणायचे.

मी मूळची कोल्हापूरकडची, गडहिंग्लजच्या बाजूची. आमचे हे मागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. इचलकरंजीतल्या ओळखीनं इथं काम मिळालं आणि आम्ही इतवारा भागात एक खोली घेऊन राहिलो. गावाकडून इथं यायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. पहिले सहा महिने मी खोलीबाहेर फारशी पडलेच नाही. बाजारात सगळे अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे. भाजीवाल्यानं काही विचारलं की मी न घेताच परत यायचे. गॅसचं बटण बंद केलंय का, ते तीन तीनदा बघायचे. अजूनही बघते.

मावशी समोरच्या घरात एकटी राहते. लेक खंडव्याला दिलेली. एक दिवस नळावर तिनं माझी घागर बाजूला ठेवली आणि म्हणाली, "घरात बसून भिंतीले काय पाहून राहिली दिवसभर? भिंत काय जेवायला वाढते? चल माझ्यासंग." तशीच हात धरून कारखान्यात घेऊन गेली. आधी मला आपाच्या शेजारी कांडीवर बसवलं. वर्षभरानं एक दिवस स्वतःच म्हणाली, "इकडे ये, टेबलावर बस माझ्याजवळ. तुले कापड पाहायला शिकवते."

मी आधी नकोच म्हटलं. शिकायचं म्हटलं की मला अजून पळून जावंसं वाटतं.

माझी शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कुणी काढलं नाही. सर उभं करून प्रश्न विचारायचे. उत्तर येत असलं तरी उभं राहिलं की ते डोक्यातून पळून जायचं, नुसती छाती धडधडायची. घरी मी सांगितलं, शाळा लांब आहे, पाय दुखतात, आणि शेतात माणूस कमी पडतंय ना. आईला ते पटलं. वडिलांनाही पटलं. दोन वर्षं मी वाट बघितली, की कुणीतरी म्हणेल, खोटं बोलतेस तू. कुणी म्हणालं नाही. आयुष्यात तेवढं एकच खोटं माझं खपलं.

तर, टेबल. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तागा तिरक्या टेबलावरून हळूहळू ओढायचा आणि त्यातला दोष शोधायचा. कुठं तार सुटलेली असते, कुठं सुताचं जाळं झालेलं असतं, कुठं मागाच्या तेलाचा डाग. दोष दिसला की किनारीला लाल दोरा बांधायचा. कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम हेच. शेठ व्यापाऱ्यांना सांगायचे, "मावशीच्या हाताखालून गेलेलं कापड आहे, डोळे मिटून घ्या."

मावशी कापडावरून तळहात फिरवायची. बोटं थांबली की माझ्याकडे न बघता विचारायची, "सांग, इथं काय आहे?"

मी घाबरत म्हणायचे, "तार सुटलीय."

"बांध दोरा. आन् पुढं?"

"पुढं... काय नाही. हां, इथं डाग आहे. तेलाचा."

"किती मोठा?"

"चिंचोक्याएवढा."

"बांध."

कधी रागावली नाही. कधी "चूक" म्हणाली नाही. सरांच्या वर्गात माझं एक उत्तर बरोबर यायची मारामार, आणि इथं मी सांगेन ते बरोबर निघत होतं. मी घरी येऊन ह्यांना सांगायचे, "अहो, मला कापड वाचता येतं." आठवडाभरात मी न घाबरता उत्तरं द्यायला लागले. कुणीतरी विचारावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटायला लागलं. ते दिवस आठवले की मावशीच्या पाया पडावंसं वाटतं, आणि पुढं जे कळलं त्यानंतर तर जास्तच.

कळलं ते पत्त्यांमुळे.

एका शनिवारी मावशीनं तीन पत्ते टाकले. "तीन नव्व्या." माझ्या हातात दोन नव्व्या होत्या. चारांतल्या दोन माझ्याकडे असताना तिच्याकडे तीन येणार कुठून? मी म्हटलं, "उघड." निघाली एक नव्वी, एक अठ्ठी, एक दश्शी. मावशी हसली. "पकडलं वं पोरीनं. आता खोटं बोलायले नवीन गाव पाहावं लागते." आणि गड्डी उचलली. मीही हसले.

पण पुढच्या शनिवारी "दोन राजे" म्हणाली आणि निघाला एक राजा, एक गुलाम. गड्डी उचलायला वाकली तेव्हा तिच्या हातातले पत्ते माझ्याकडे कलले, तर त्यात आणखी एक राजा होता.

ते मात्र माझ्या डोक्यातून जाईना. खोटं टाकायचं तर माणूस नको असलेला पत्ता टाकतो. दुर्री टाकतो, पंजी टाकतो. मावशीचं खोटं कायम खऱ्याला खेटून बसलेलं असायचं. नव्वीच्या जागी दश्शी, राजाच्या जागी गुलाम. आणि हातात खरा राजा असताना राजाच्या नावानं गुलाम कोण टाकेल? ज्याला तो गुलाम राजाच वाटतोय तोच.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. ती नेहमी दाराकडे पाठ करून बसायची. आपा म्हणायची, "सामने आके बैठो ना, मौसी," तर म्हणायची, "उजेड टोचते." टेबलावरची ट्यूबलाइट फुटल्यासारखी दिसते असं एकदा सहज म्हणाली होती. आणि ते "सांग, इथं काय आहे?" ती माझी परीक्षा घेत नव्हती. ती विचारत होती. उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं.

पत्त्यांत पकडली गेली की ती "पकडलं वं" म्हणून हसून गड्डी उचलायची. लबाड म्हणवून घेणं तिला परवडत होतं. दिसत नाही म्हणणं परवडत नव्हतं.

डोळेच आहेत की दुसरं काही, विसरायला वगैरे लागली आहे, ते बघायला मी बुधवारा बाजारातून मोठ्या आकड्यांच्या पत्त्यांचा नवीन कॅट आणला. मावशी म्हणाली, "हे काय लेकराचे पत्ते आणले?" पण त्या दिवशी ती अशी खेळली, की एकदाही चुकली नाही. सगळ्यात आधी सुटली. मी मनात म्हटलं, देवा, डोक्याचं काही नाही, डोळेच आहेत.

सुटल्यावर ती नव्या पत्त्यांवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसली. माझ्याकडे एकदा बघितलं. पुढच्या शनिवारी पोत्यावर पुन्हा जुना, कडा झिजलेला कॅट होता. "नवे सरकते हातातून," ती म्हणाली. "जुनेच बरे." म्हणजे तिलाही कळलं होतं, की मला कळलंय. आणि मी बोलू नये, असं ती सांगत होती.

मी बोलले नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मला हात धरून ज्या बाईनं माणसांत आणलं, तिच्या हातातलं एकच मानाचं काम तिच्या डोळ्यावर होतं. आणि न बोलावं तर ते डोळेच जायचे. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू बोललीस तर टेबल कुणाला मिळणार? तुलाच. मग लोक काय म्हणतील ते ऐकायची तयारी ठेव." माझी तयारी नव्हती. मी नुसती जास्त लक्ष देऊन कापड बघायला लागले. ती विचारायच्या आधीच सांगायचे, "मावशी, इथं डाग." ती म्हणायची, "मले दिसत नाही का? बांध."

उन्हाळ्यात भावाच्या लग्नाला दहा दिवस गावी गेले. निघताना म्हटलं, "मावशी, मी येईपर्यंत जरा सावकाश चालू द्या."

"हो माय. तू नव्हती तवा कारखान्याले कुलूप होतं."

गावी मांडवात बसूनसुद्धा माझ्या डोळ्यांपुढं तो तागा सरकत होता. परत आले ती मावशीसाठी चटणीची बरणी आणि एक वाईट शंका घेऊन.

पाच-सहा दिवसांनी शेठ तरातरा आत आले. मागून हमालानं गठ्ठा आणून टेबलावर टाकला. शेठनं एक तागा ओढून उलगडला. पांढऱ्या कापडावर हातहातभर अंतरावर तेलाचे काळे डाग.

"हे कोणी पाहिलं? व्यापाऱ्यानं सगळा गठ्ठा परत पाठवला. आंधळ्याले दिसेल असे डाग आहेत!"

मागांच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. आपानं मशीन थांबवलं. मावशीचा तळहात कापडावरून फिरत फिरत बरोबर एका डागावरून गेला आणि थांबला नाही.

मी जागची उठले. सरांपुढं उभं राहिल्यासारखं. पण ह्या वेळी तोंड बंद पडलं नाही, उलट भलतंच सुटलं.

"मी पाहिलं, शेठ. गावाहून आले त्याच दिवशी. प्रवासानं डोळे लागत होते. खरंच, माझीच चूक. खरंच."

शेठ माझ्याकडे वळले.

"उघड," मावशी म्हणाली.

शेठला समजलं नाही. "काय उघड?"

"ही खोटं बोलून राहिली. ही तर गावाले होती, हे तागे तवाच गेले. मी पाहिले. एकटीनं." मग तिनं तळहात उचलला आणि शेठपुढं धरला. "तार बोटाले लागते, शेठ. जाळंबी लागते. डाग बोटाले लागत नाही. आन् डोळ्याले आता दिसत नाही."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. ही पोरगी बाजूले बसे म्हणून चाललं."

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. कापडाची घडी घालत म्हणाले, "आजपासून टेबलावर कोल्हापूरवाली बसेल. मावशी, तुम्ही कांडीवर बसा." आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

मावशीनं लाल दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं. "घे. आन् दातानं तोडू नको दोरा, दात झिजते. कैची त्या खालच्या खणात आहे." मग जाऊन आपाच्या शेजारी बसली.

तीन दिवस आपा माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. लांबून बघणाऱ्याला दिसलं ते असं, की कालची आलेली बाई मावशीच्या जागेवर बसली. मी त्या टेबलावर डाग बघायचे आणि मागून कुणी "सांग, इथं काय आहे?" विचारत नव्हतं. मीच मला विचारायचे आणि उत्तर आलं की रडू यायचं.

रविवारी सकाळी दराबा घेऊन मावशीकडे गेले. इथला दराबा तिला फार आवडतो. रवा, तूप, साखर इतकं फेटलेलं असतं, की तोंडात घातला की नुसता विरघळतो. ती ओट्यावर मेथी निवडत होती, बोटांनी चाचपत.

"मावशी, डोळे दाखवू या."

"दाखवले मी."

"कधी?"

"दाखवले. मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणे, अजून पिकला नाही. पिकू द्या, मंग काढू."

इतकं सरळ, इतकं शांत सांगितलं, की मी जवळजवळ "बरं" म्हणून उठणार होते. मोतीबिंदू पिकावा लागतो, हे आमच्या गावातही सगळे म्हणतात. खरं असू शकत होतं.

आणि मी ओळखणार कशावरून? पत्त्यांत तिला वर्षभर पकडलं ते खोटं नव्हतंच, ती नजरेची चूक होती. मावशीचं खरंखुरं खोटं मी कधी बघितलंच नव्हतं. "उघड" म्हणावं आणि तिनं खरोखर दाखवलेलं असावं, तर? आधीच तिचं टेबल घेऊन बसलेली. वर तिला तोंडावर खोटारडी म्हणायचं. ती गड्डी मला जन्मभर उचलत बसावी लागली असती.

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. काहीतरी कमी वाटत होतं. मग लक्षात आलं. टोमणा. मावशी खरं बोलते तेव्हा शेपटाला एक टोमणा असतोच. भिंत काय जेवायला वाढते. कारखान्याले कुलूप होतं. रीळ देतानासुद्धा माझ्या दातांवर बोलली होती. आणि आत्ता चार वाक्यं बोलली, चारही कोरी.

शिवाय मला माझी आई आठवली. दोन वर्षं मी वाट बघितली होती कुणीतरी म्हणेल म्हणून.

"उघड," मी म्हटलं.

तिची बोटं थांबली. हातातली मेथी तिनं खाली ठेवली.

"माझ्या मायचा डोळा कापण्यातच गेला," ती म्हणाली. "मीच नेलं होतं तिले, हात धरून. म्हणे, ऊठ, चल, बरं होईल. जाताना अर्धं तरी दिसे. येताना तेबी नाही. मरेपर्यंत ती मले काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी मेथीची एक जुडी ओढून निवडायला लागले. निवडता निवडता म्हटलं, "मी येते बरोबर. माझा हात तुम्ही धरा. मी तुमचा नाही धरणार."

"तू काय बोलशील डॉक्टरसमोर? शेठसमोर कशी बोलली, पाहिलं सगळ्यांनी."

टोमणा आला होता. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

दवाखान्यात समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी होती. डॉक्टरबाईंनी एका अक्षरावर पट्टी ठेवली, "आजी, हे काय आहे?" मावशी सवयीनं माझ्याकडे वळली. "सांग, इथं काय आहे?" आणि मी सवयीनं सांगूनही टाकलं. डॉक्टरबाईंनी पट्टी खाली ठेवली. "डोळे कुणाचे तपासायचे आहेत?" मग आम्ही तिघीही हसलो, आणि त्या हसण्यात मावशीची निम्मी भीती गेली असावी. बाई म्हणाल्या, मोतीबिंदूच आहे, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, उशीरच झालाय, पण ऑपरेशन होईल. तिच्या आईचं ऐकून घेतलं, तेव्हा कसं करायचे आणि आता कसं करतात ते तिला समजेल असं सांगितलं.

परत येताना रिक्षात मावशी म्हणाली, "कसं ओळखलं वं तू? मी तर किती चांगलं बोलली."

मी सांगून टाकलं. म्हटलं, "तुम्ही खरं बोलता तेव्हा टोमणा मारता. तेव्हा मारला नाही."

"असं का?" एवढंच म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

आधी उजवा डोळा झाला, काही आठवड्यांनी डावा. दुसरी पट्टी काढल्यावर मी काळा चष्मा बाजूला करून तिच्यासमोर वाकले. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलेल. म्हणाली, "तुझे केस पिकले वं! मले कोणी सांगितलं नाही."

शेठनं टेबल लगेच दिलं नाही. त्यांचंही खरं होतं, कापड त्यांचं परत आलेलं. त्यांनी एक तागा मागवला, त्यात कुठंतरी एक फिकट डाग आहे असं सांगितलं आणि हात मागं बांधून उभे राहिले. मावशीनं कापडाला बोटसुद्धा लावलं नाही. हात पाठीशी धरून, शेठसारखीच उभी राहून, नुसतं बघत गेली. "हा तुमचा डाग," म्हणाली. "आन् हा दुसरा, तुम्हालेबी दिसला नव्हता. डोळे दाखवून घ्या, शेठ. चांगल्या डॉक्टरबाई आहेत." आपानं मशीनवरून टाळी वाजवली. तेव्हापासून टेबल दोघींचं आहे. सकाळी ती, दुपारी मी. आणि मधल्या तासाला दोघी असलो, की ती अजूनही विचारते, "सांग, इथं काय आहे?" आता चुकले तर "चूक" म्हणते. बऱ्याचदा चुकते मी.

कामावर परत आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी लाइट गेली. पोतं अंथरलं. मावशी दाराकडे तोंड करून बसली, सगळा उजेड अंगावर घेऊन. डाव रंगला. शेवटी तिच्या हातात एकच पत्ता उरला. तो तिनं पालथा टाकला. "एक राजा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पुढची पाळी माझी. माझे तीन राजे मी मघाशीच टाकले होते. राहिला एक. असेल तिच्याकडे, नसेलही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, स्वच्छ, सरळ, पापणी न हलवता.

"पाहून काय राहिली, कोल्हापूरवाली?" ती म्हणाली. "सातवी शिकली तू, एक ते चार मोजता येते ना?"

टोमणा. म्हणजे खरं आहे. मी सुटकेचा श्वास टाकला. "पास."

"पास," आपा म्हणाली.

मावशी सुटली. मग सावकाश वाकली आणि आपल्याच हातानं तो पत्ता उलटा केला. चौकटची दुर्री.

राजापासून इतकी लांब, की याहून लांब पत्ता कॅटमध्ये नाही. ती दुर्री तिला चांगली दिसली होती, निवडून शेवटाला ठेवली होती, आणि वर टोमणासुद्धा माझ्यासाठी बेतून आणला होता. मी हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपा विचारत राहिली, "अरे, हारके कोई इतना हँसता है क्या?"

शेवटी पत्ते माझ्याच हातात उरले. मी केटली उचलली आणि चहा आणायला गेले.